दोन इमारतींतला तिसरा फ्रिज

मंगळवार, ११ फेब्रुवारी. हवा कोरडी, आकाश स्वच्छ. शेजारच्या बाईंनी शिवणयंत्राची सुई मागितली, दिली. चष्म्याची काडी सैल झाली आहे. भाऊ नेहमीपेक्षा लवकर निघाला. दाराबाहेर जाऊन दोनदा परत आला आणि दोन्ही वेळा कपाटाचे कुलूप ओढून पाहिले, मी समोर बसलेली असताना. म्हणाला, "ताई, आज त्या फ्रिजवालीला रंगेहाथ पकडतो." मी म्हटले, पकडण्याआधी एकदा विचारून तरी बघ. म्हणाला, विचारल्यावर खरे कोण सांगते? डबा न्यायला विसरला.

ही नोंद थोरल्या बहिणीची. मेहुणे गेल्यानंतर तो तिच्या घरी राहायला आला होता, सोबत म्हणून. सोबत कोणाची कोणाला, हे दोघांनी कधी ठरवले नव्हते. बहीण त्याला भाऊ म्हणे. तो ज्या रक्तपेढीत नोकरी करी तिथे त्याला कुलूपकाका म्हणत, आणि हे नाव त्याने कष्टाने कमावलेले होते. कुलूप लावले की तो ते ओढून पाही. गल्लीच्या कोपऱ्यावर गेला की मनात पाल चुकचुके, मग परत येऊन पुन्हा ओढी. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचूनही तो पिशवीला नाक लावी. बेल वाजली की आधी भिंगातून बघे, मग साखळी लावून फटीतून "कोण?" विचारी आणि ओळख पटल्यावर "कशाला?" विचारी. पासवर्ड टाकताना कीबोर्डावर असा ओणवा होई, की जणू एखादे पोर ताटाभोवती हात धरून जेवते आहे.

"आरशात बघतानासुद्धा तू विचारतोस, हा कोण उभा आहे," बहीण म्हणे.

"विचारायलाच हवं," तो म्हणे. तो हे गमतीने म्हणत नसे.

तरुणपणी तो कचेऱ्यांमधून इंटरकॉम बसवायच्या कामावर होता. तारा ओढायच्या, भिंतीला भोके पाडायची, प्रत्येक टेबलावर एक फोन ठेवायचा आणि त्याला एक छोटासा आकडा द्यायचा. हे छोटे आकडे त्याला फार आवडत. एकतीस फिरवला की त्या कचेरीतल्या हिशेबनिसाच्या टेबलावर घंटी वाजे. शेजारच्या इमारतीतही एकतीस नंबर असे, पण तो तिथल्या शिपायाचा. बाहेरून कोणी कितीही एकतीस फिरवला तरी काही वाजत नसे. ज्या नंबरावर परक्या माणसाला पोहोचताच येत नाही, असा नंबर म्हणजे त्याच्या लेखी जगातली सगळ्यात सभ्य वस्तू होती.

पुढे इंटरकॉम मागे पडले आणि संगणकांची जाळी आली. इथेही तसेच आहे हे कळल्यावर तो सुखावला. बाहेरच्या जगात प्रत्येक यंत्राचा पत्ता एकमेव असावा लागतो, पण घरातल्या घरात वापरायला काही पत्ते वेगळे काढून ठेवलेले आहेत. ते कोणीही घ्यावेत, कोणाची परवानगी नको. अट एवढीच, की ते उंबरठ्याच्या आतच चालतात. म्हणजे झाला की इंटरकॉम. रक्तपेढीच्या जुन्या इमारतीतले प्रत्येक यंत्र त्याने अशाच आतल्या पत्त्यांवर बसवले. पहिल्या मजल्यावरचे छपाईयंत्र, नोंदणीच्या खिडकीतला संगणक, रक्ताच्या पिशव्या ठेवायचे तीन मोठे फ्रिज. प्रत्येक फ्रिजला आतले तापमान मोजणारी एक डबी होती. तिसऱ्या फ्रिजच्या डबीला त्याने एकतीस दिला. जुनी सवय.

दिवाळखोर झालेल्या एका दवाखान्याची इमारत रक्तपेढीने घेतली आणि तिथे शाखा काढली, तेव्हा जाळे टाकायला कुलूपकाकाच गेला. तिथेही तीन फ्रिज होते. त्याने तिथेही तेच आकडे दिले, अगदी तस्सेच. तिसरा फ्रिज म्हणजे एकतीस, मग इमारत कोणतीही असो. यात त्याचा हिशेब असा होता की आकडे पाठ असले म्हणजे ते कुठे लिहून ठेवावे लागत नाहीत, आणि जे लिहिलेले नसते ते चोरता येत नाही.

दोन इमारती एका तारेने जोडल्यावर दोन एकतीस एकमेकांच्या अंगावर येणार हे त्याला ठाऊक होते. तो कच्चा गडी नव्हता. त्याने नव्या इमारतीच्या तोंडाशी एक राउटर बसवला, दारवानासारखा. तिथून निघणाऱ्या प्रत्येक निरोपाच्या पाकिटावरचा पत्ता हा दारवान पुसून टाकी आणि वर दुसराच लिही. त्यामुळे जुन्या इमारतीतल्या मुख्य संगणकाला नव्या शाखेतले फ्रिज वेगळ्या आकड्यांनी ओळखता येत. व्यवस्था चोख चालली. कुलूपकाकाने बहिणीजवळ तिचे कौतुकही केले, म्हणजे "वाईट नाही" असे म्हणाला.

मग तापमान पाहणारे सॉफ्टवेअर बदलायचे ठरले. ते लिहिणारी मुलगी बाहेरच्या कंपनीतली होती, बोलायला चटपटीत, हातात सतत थंड कॉफीचा पेला. तिने पहिल्याच दिवशी विचारले, "काका, सगळ्या फ्रिजच्या पत्त्यांची यादी मिळेल?"

"कशाला?"

"प्रोग्रामला सांगायला, कोणता फ्रिज कुठे आहे ते."

"यादी नाहीये."

"मग तोंडी सांगा, मी लिहून घेते."

"लिहून घेते" हे शब्द ऐकताच त्याचे कान टवकारले. बाहेरची मुलगी, चार ठिकाणी कामे करते, आज इथे तर उद्या आणखी कुठे. तो म्हणाला, "बघू." ती पुन्हा विचारायला आली तेव्हाही "बघू" म्हणाला. तिसऱ्यांदा ती आली नाही.

नवे सॉफ्टवेअर सुरू झाले. पहिला पंधरवडा सगळे सुरळीत होते, आणि मग तो गुरुवार उजाडला.

त्या दुपारी नव्या शाखेतल्या तिसऱ्या फ्रिजचे तापमान चारावरून चढत चढत चौदापर्यंत गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. रक्ताला सहाच्या वर ठेवता येत नाही. पडद्यावर अलार्म वाजला. तिथल्या फ्रिजवालीने, म्हणजे पिशव्यांची देखभाल करणाऱ्या टेक्निशियन बाईने, तो बंद केला आणि कोणाला काही न सांगता आपले काम चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी शाखेतल्याच कोणीतरी तापमानाचा आलेख पाहिला आणि एकच धावपळ उडाली. त्या फ्रिजमधल्या झाडून सगळ्या पिशव्या नष्ट कराव्या लागल्या. लोकांनी बाही वर करून दिलेले रक्त पिवळ्या पिशव्यांत भरून जाळायला गेले.

फ्रिजवालीचे म्हणणे एकच होते. "अलार्म वाजला तेव्हा मी फ्रिजसमोर जाऊन उभी राहिले. दारावरचा काटा चारावर होता. अलार्म खोटा होता, म्हणून बंद केला."

"आणि आलेख?" पेढीच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी विचारले.

"आलेखाचं मला माहीत नाही. काटा चारावर होता."

कुलूपकाका त्या वेळी खोलीत होता. मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिले तेव्हा तो म्हणाला, "यंत्राला खोटं बोलायचं कारण नसतं. माणसाला असतं." पिशव्या लावताना तिने दार उघडे ठेवले असणार, कदाचित स्टूल लावून, आणि फोनवर गप्पा मारत बसली असणार, असे त्याचे ठाम मत होते. अलार्म तिने गप्प बसवला, यातच सगळे आले.

मोठ्या बाईंनी मंगळवारची दुपार ठरवली. तोवर कुलूपकाकाने पाहणी करायची आणि काय घडले ते सांगायचे. दार उघडे राहिले असे निघाले तर फ्रिजवालीची नोकरी त्याच दिवशी संपणार होती. तिच्या घरी दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेले सासरे होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. कुलूपकाकालाही. पण त्याच्या मते अशा गोष्टी लोक मुद्दाम कानावर घालतात.

तो नव्या शाखेत पोहोचला तेव्हा फ्रिजवाली पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या तपासत होती. ठेंगणी, केस घट्ट बांधलेले, बाहीला पेन टोचलेले. तिने मान वर केली.

"या काका. आज कुलूप कुठे लावायचंय?"

"पाहणी आहे."

"ती तर झालीच की. तुम्ही इथे न येताच केलीत."

त्याने कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला, पाठ भिंतीला लावून बसला, म्हणजे मागून कोणाला दिसू नये. मुख्य संगणकाला जोडून त्याने नव्या शाखेच्या तिसऱ्या फ्रिजचा आकडा पडद्यावर आणला. चार पूर्णांक एक. मग तो खोलीभर हिंडला. दाराची रबरी कड बोटाने दाबून पाहिली. स्टूल कुठे ठेवतात ते पाहिले. स्टुलाच्या पायांना रबर घासल्याच्या खुणा आहेत का, तेही वाकून पाहिले. नव्हत्या. पुसल्या असणार.

"मागच्या गुरुवारी पिशव्या किती आल्या होत्या?"

"रोजच्याइतक्याच."

"आणि फोन किती आले?"

"माझे की तुमचे?" ती म्हणाली. "काका, सरळ विचारा ना. दार उघडं ठेवलं होतंस का. मी नाही म्हणेन, तुम्ही मानणार नाही, दोघंही आपापल्या कामाला लागू."

तो सरळ विचारणाऱ्यातला नव्हताच. त्याच्या डोक्यात एक युक्ती होती. पिशव्या शेजारच्या फ्रिजमध्ये हलवायच्या, तिसऱ्याचे दार सताड उघडायचे आणि पडद्यावर तापमान कसे चढते ते बघायचे. गुरुवारच्या आलेखाशी ती चढण जुळली की झाले, दार उघडे होते हे सिद्ध. त्याने तिला तसे सांगितले, का ते मात्र सांगितले नाही.

ती पिशव्या हलवू लागली. हात हलका, प्रत्येक पिशवी दोन्ही हातांनी धरायची. रिकाम्या झालेल्या फ्रिजचे दार तिने उघडले आणि हाताची घडी घालून बाजूला उभी राहिली.

दारावरचा काटा हलला. पाच. साडेपाच. सात. थंड वाफ पायाशी उतरली. कुलूपकाका लॅपटॉपपाशी गेला.

चार पूर्णांक एक.

त्याने पडदा ताजा केला. चार पूर्णांक एक. काटा तोवर नऊवर गेला होता. आकडा ढिम्म.

त्याने वळून तिच्याकडे पाहिले. "डबीला काय केलंत?"

"कुठल्या डबीला?"

"आतल्या. ज्यातून तार निघते."

"मी त्या तारेला हात लावत नाही. तुम्हीच मागे सांगून गेलात, हात लावलात तर बघा म्हणून. मी बघायलासुद्धा जात नाही."

त्याने स्वतः आत डोके घातले. डबी जागेवर होती, हिरवा दिवा लुकलुकत होता, तार घट्ट. तो बाहेर आला तेव्हा त्याचा कान गारठून लाल झाला होता. ती हसली नाही, पण हसू दाबायला खोकली.

"लावा दार," तो म्हणाला.

दार लागले. काटा हळूहळू खाली येऊ लागला. आणि तेवढ्यात लॅपटॉपवरचा आकडा हलला. चार पूर्णांक एक, चार पूर्णांक सहा, पाच.

"आता काय केलंत तुम्ही?"

"मी चहा पितेय," फ्रिजवाली म्हणाली. तिच्या हातात खरोखरच थर्मासचे झाकण होते. "हेही सांगा मोठ्या बाईंना. हिने चहा पिऊन तापमान चढवलं."

पाचावरून आकडा थोड्या वेळाने पुन्हा साडेचारावर आला, जसे कोणी दार उघडून चटकन लावावे तसे. इथे तर दार बंद. कुलूपकाका त्या आकड्याकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात एकामागोमाग एक माणसे येऊन गेली. फ्रिज दुरुस्त करणारा. कॉफी पिणारी मुलगी. मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेला कारकून, ज्याचा पासवर्ड बंद करायला एक दिवस उशीर झाला होता. कोणीतरी बाहेरून आत शिरून आकडे बदलतो आहे. त्याला घाम फुटला, आणि खरे सांगायचे तर थोडे बरेही वाटले, कारण एवढी वर्षे ज्याची वाट पाहिली तो चोर अखेर आला होता.

त्या चोराची चाहूल घ्यावी म्हणून त्याने जुन्या इमारतीत फोन लावला. तिथे फ्रिजच्या खोलीत एक जुना शिपाई असे, त्याला सगळे मामा म्हणत.

"मामा, तिकडे सगळं ठीक आहे ना? कोणी परकं आलंय का?"

"परकं कोण येणार, कुलूपराव? तुमच्या दोन कुलपांतून मीच कसाबसा आत येतो."

"आत्ता काय चाललंय तिथे?"

"काही नाही. रुग्णालयाचा माणूस पिशवी मागायला आला होता, काढून दिली. का? ती पण चोरीला गेली का?"

"कुठल्या फ्रिजातून काढली?"

"तीन नंबर."

कुलूपकाका उभा होता तो स्टुलावर बसला. ज्या स्टुलावर खुणा शोधल्या त्याच स्टुलावर.

"मामा," तो म्हणाला, "तीन नंबरचं दार उघडा आणि मी सांगेपर्यंत लावू नका."

"हे काय नवीन? वर लिहिलंय, दार उघडं ठेवू नये. तुमच्याच अक्षरात लिहिलंय."

"मामा, उघडा हो."

फोनमध्ये दाराचा चिकट आवाज आला. फ्रिजवाली थर्मास ठेवून त्याच्या मागे येऊन उभी राहिली. एरवी त्याने लॅपटॉप मिटला असता. आकडा चढू लागला. पाच, साडेपाच, सहा. त्याच्या समोरचा फ्रिज बंद होता आणि त्याचा काटा मुकाट्याने उतरत होता.

"लावा," तो म्हणाला. आकडा उतरू लागला.

"मामा, मागच्या गुरुवारी तुम्ही तीन नंबरचं काही केलं होतं?"

"बर्फ काढला की. पिशव्या दोन नंबरला हलवल्या, बटण बंद केलं, पुसून कोरडा केला. इथल्या पडद्यावर आधीच सफाई म्हणून टाकलं होतं, त्यामुळे बोंबाबोंब झाली नाही. का, चुकलं काही?"

"तुमचं नाही," कुलूपकाका म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन्ही इमारतींचे आलेख एकाच पडद्यावर कोणी पाहिले असते तर त्याच शुक्रवारी हे उघड झाले असते. पण प्रत्येक इमारतीला फक्त आपलेच फ्रिज दिसावेत, दुसऱ्याचे दिसू नयेत, असा बंदोबस्त त्याचाच होता. दोन्हीकडचे पाहायची मुभा होती फक्त त्याला. आणि त्याने पाहिले ते एवढ्या एकाच फ्रिजचे, कारण चोर कुठे आहे ते त्याला आधीच ठाऊक होते.

कॉफीवाल्या मुलीला त्याने तिथूनच फोन लावला. फ्रिजवाली हलली नाही आणि त्याने तिला जा म्हटले नाही.

"तुमचा प्रोग्राम फ्रिजना शोधतो कसा?" त्याने विचारले. आवाजात जुना संशय होताच, अजून सुटायला तयार नव्हता.

"मी कुठे शोधते? तुम्ही यादी दिली नाहीत. म्हणून मी डब्यांनाच कामाला लावलं. चालू झाल्यावर प्रत्येक डबी मुख्य संगणकाला कळवते, मी अमक्या इमारतीतला अमका फ्रिज, माझा पत्ता हा, इथे येऊन मला विचारत जा. मग मुख्य संगणक त्या पत्त्यावर जाऊन विचारतो."

"डबी कुठला पत्ता सांगते?"

"स्वतःचा. तिला जो माहीत आहे तो."

कुलूपकाकाने डोळे मिटले. डबीला माहीत होता एकतीस. तिने तो निरोपाच्या आत लिहिला. दारवानाने पाकिटावरचा पत्ता नेहमीप्रमाणे इमानदारीत बदलला, पण पाकीट फोडून आतला मजकूर वाचायचे काम त्याचे नव्हते. मुख्य संगणकाने पत्र उघडले, आत वाचले, एकतीस. आणि तो निघाला एकतीसकडे, आपल्याच घरातल्या. तिथे खरोखरच एक फ्रिज होता आणि त्याने खरोखरच उत्तर दिले. ते उत्तर नव्या शाखेच्या नावावर लिहिले गेले. कोणी खोटे बोलले नव्हते.

"का हो?" मुलगी पलीकडून म्हणाली. आता तिचाही आवाज सावध झाला होता. "तुमच्या दोन्ही इमारतींत पत्ते वेगळे आहेत ना?"

त्याने समोरच्या फ्रिजच्या काट्याकडे पाहिले.

"काका, एकच पत्ता दोन ठिकाणी आहे का?"

"आतले पत्ते आहेत ते. दोन घरांत सारखे असू शकतात."

"असू शकतात, पण मग मला सांगायचं ना. मी पत्त्याऐवजी नाव धरलं असतं. किंवा डबीने ज्या वाटेने हाक मारली त्याच वाटेने उत्तर घेतलं असतं, उलटं शोधत गेलेच नसते. मला काय माहीत, तुमच्याकडे एकाच नंबरची दोन घरं आहेत?"

"कशाला सांगू? तुम्ही बाहेरच्या."

"बाहेरची आहे म्हणूनच सांगायचं," ती म्हणाली. मग म्हणाली, "चूक माझीही आहे. नंबर दिसला की तो जगात एकच असणार असं मी धरून चालले. हे आम्हाला शिकवतात, करू नका म्हणून. पण आता तुम्ही हे माझ्यावर ढकलणार, हो ना?"

तो "बघू" म्हणाला. तोंडातून तेच निघाले.

फ्रिजवालीने सगळे ऐकले होते. तिला पत्ते आणि पाकिटे फारशी कळली नव्हती. जे कळायला हवे ते कळले होते. ती म्हणाली, "म्हणजे पंधरवडाभर तुमचा पडदा माझ्या फ्रिजकडे बघतच नव्हता."

"नाही."

"आणि माझा फ्रिज खरंच बंद पडला असता तर?"

"पडद्यावर चार दिसलं असतं."

ती पहिल्या फ्रिजपाशी गेली, काटा पाहिला, दुसऱ्यापाशी गेली, काटा पाहिला. दोन्ही चारावर होते. मग परत येऊन म्हणाली, "दुपारी काय सांगणार आहात?"

"जे आहे ते."

"जे आहे ते म्हणजे नेमकं काय, ते मला आत्ता सांगा. सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड होती, असं सांगणार असाल तर सगळे म्हणतील, असेल काहीतरी गडबड, पण अलार्म तर हिनेच बंद केला. माझ्यावरचा डाग तसाच राहील."

ती बरोबर बोलत होती, हे त्याला जुन्या इमारतीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर अधिकच टोचू लागले. खिडकीतून दुकाने, सायकली, सिग्नल मागे जात होते. मनात सुटकेच्या वाटा येत होत्या, एकाहून एक गुळगुळीत. कंपनीची चूक म्हणावी. मुलगी स्वतःच कबूल झाली आहे. आकड्यांची भानगड मोठ्या बाईंना कळणार नाही. दोन घरांत सारखे पत्ते ठेवणे हा काही गुन्हा नाही, सगळे जग तसेच करते. हे सगळे खरेही होते. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्यातले काळेबेरे हुंगले होते, त्यामुळे स्वतःच्या बोलण्यातले ओळखायला त्याला वेळ लागला नाही. हा जो माणूस मनातल्या मनात एवढे सफाईदार बोलतो आहे, त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असे त्याला वाटले.

मोठ्या बाईंच्या खोलीत फ्रिजवाली आधीच येऊन बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मोठ्या बाई म्हणाल्या, "बोला. दार उघडं होतं?"

"होतं. इथलं, याच इमारतीतलं. मामा बर्फ काढत होते. तिकडचं बंद होतं."

मग त्याने सांगितले. दोन्ही इमारतींना एकच आकडे त्याने दिले. यादी मागितली तेव्हा दिली नाही, कारण मागणारीवर त्याचा विश्वास नव्हता. म्हणून डब्यांना स्वतःचा पत्ता सांगायला लावले गेले, आणि तो पत्ता घराबाहेर निरुपयोगी होता. प्रोग्रामने तो घराबाहेर वापरला. दोन्ही बाजूंनी चूक झाली, पण सुरुवात इकडून.

मोठ्या बाई तीक्ष्ण होत्या. त्यांनी आकड्यांबद्दल काही विचारले नाही. "मग पंधरवडाभर त्या शाखेतले फ्रिज कोण बघत होतं?"

"यंत्र नाही," कुलूपकाका म्हणाला. "या बाई बघत होत्या. काट्याकडे."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. नष्ट केलेल्या पिशव्या चांगल्या होत्या, हे त्यांच्या आत्ता लक्षात आले असावे. त्या फ्रिजवालीला म्हणाल्या, "उद्यापासून नेहमीप्रमाणे या. तुमच्याविरुद्ध काही राहिलेलं नाही, हे मी लेखी देते. आणि हे दुरुस्त होईपर्यंत दर तासाला काटा वाचून मला फोन करा." कुलूपकाकाला म्हणाल्या, "तुमच्याशी मी उद्या बोलते." त्याने मान हलवली. ते बोलणे कसे असेल याची त्याला कल्पना होती.

जिन्यात फ्रिजवालीने त्याला गाठले. त्याला वाटले, आभार मानेल. ती म्हणाली, "काका, त्या मुलीला यादी देणार ना आता?"

"रविवारी तिकडचे सगळे पत्ते बदलतोय. नवे आकडे, इकडच्याशी न जुळणारे. त्याची यादी देतो. प्रोग्रामही तिला नावावर चालवायला सांगतो."

"एक प्रत मला पण द्या."

"तुम्हाला कशाला?" तो सवयीने म्हणाला.

"तुमच्यावर विश्वास नाही म्हणून," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली. खालच्या वळणावर थांबून वर बघत म्हणाली, "आणि दार उघडून बघायला महिन्यातून एकदा या. मी इथे दार उघडणार, तुम्ही पडदा बघायचा. आता चार दिसलं की मला चार वाटत नाही."

तो संध्याकाळी घरी आला. बहिणीने झाकून ठेवलेले ताट पुढे केले. दुपारचा डबा तसाच ओट्यावर होता. तिने विचारले, "सापडला का चोर?"

"चोर नव्हताच."

"मग?"

त्याने सोपे करून सांगायचा प्रयत्न केला. प्रत्येक घरात एक स्वयंपाकघर असते. तू मैत्रिणीला पत्र लिहिलेस की किल्ली स्वयंपाकघरात आहे, तर ती तिच्याच स्वयंपाकघरात जाऊन शोधेल, आणि तिथे एखादी किल्ली असेल तर हीच ती म्हणून घेईलही.

"मग कोणाचं स्वयंपाकघर ते लिहायला नको?"

"लिहायला हवं. कोणी विचारलं तर सांगायला हवं."

"तिने विचारलं होतं?"

"दोनदा," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

बहिणीने त्या बाईची नोकरी राहिली का, एवढे विचारले; राहिली म्हटल्यावर तिने पंख्याचे बटण लावले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली. जेवताना तो मधेच थांबे, कशाचा तरी विचार करी, पुन्हा घास घेई. दोन्ही इमारतींतली छपाईयंत्रेही एकाच आकड्यावर होती, आणि नोंदणीच्या खिडकीतले संगणकही. तिथून काय काय उलटे गेले असेल, कोणाच्या नावावर काय छापले गेले असेल, हे आता त्याला एकेक करून बघावे लागणार होते, आणि या वेळी ज्याच्यावर संशय घ्यायचा तो माणूस ताटावर बसला होता.

बहिणीने सकाळच्या नोंदीखाली लिहिले: भाऊ संध्याकाळी परत आला, त्या बाईची नोकरी राहिली. निळी चादर धुवायला काढली आहे, धुण्याचा साबण मात्र संपला.